सिंहाचे नाव आणि वहीतली नावे

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला निवृत्त तलाठी. धाकटी मुलगी पुण्यात नोकरी करते, वय पंचवीस. २०१५ साली झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकी दंतवैद्याने हौसेखातर मारला, तेव्हा ती शाळेत होती आणि त्या बातमीने दोन दिवस धड जेवली नव्हती. गेल्या जुलैत त्या घटनेला दहा वर्षे झाली म्हणून तिने फेसबुकवर मोठे लिखाण केले आणि पुतणीच्या साखरपुड्याला सगळे जमले असताना ते वाचूनही दाखवले. मला राहवले नाही. मी चारचौघांत म्हणालो, "सातासमुद्रापलीकडच्या सिंहासाठी रडतेस, आपल्या तालुक्यात फास घेतलेल्या एका तरी माणसाचे नाव सांगता येईल का तुला?" ती म्हणाली, "तुम्ही तरी काय केलंत बाबा त्यांच्यासाठी? कागदच रंगवलेत ना?" त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने ती निघून गेली. आता फोनवर आईशी बोलते, माझ्याशी "हो", "बरं" एवढेच. एका जनावरासाठी जग हळहळते आणि माणसे मात्र नुसती मोजली जातात, हे मला सहन होत नाही. यात माझे काय चुकले?

ता. क. नोकरीत असताना अशा ज्या ज्या घरी मी गेलो, तिथल्या मयत माणसांची नावे मी एका वहीत लिहून ठेवली आहेत. त्या पानांचे फोटो काढून तिला व्हॉट्सॲपवर पाठवावेत, असे मनात आहे.

— एक वाचक

उत्तर:

आदरणीय वाचक,

सा. न.

आपल्या प्रश्नाचा सोपा भाग आधी उरकते. पंचवीस वर्षांच्या मुलीला नातेवाइकांसमोर, तिने मनापासून लिहिलेले वाचून दाखवल्यावर लगेच, ज्याचे उत्तर तिच्याकडे नाही हे आपल्याला आधीच ठाऊक होते असा प्रश्न विचारणे चुकले. हे आपल्यालाही कळलेले आहे, नाहीतर आपण पत्र लिहिले नसते. अवघड भाग तो आहे, जो आपण सिंह आणि माणूस यांच्या तुलनेत गुंडाळून पाठवला आहे. तो उलगडायचा तर आधी त्या सिंहाकडेच जावे लागेल.

सेसिल हा झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला काळसर आयाळीचा, सुमारे तेरा वर्षांचा नर होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वन्यजीव संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याचा माग ठेवला होता आणि पर्यटकांच्या गाड्यांना तो इतका सरावला होता की हजारो लोकांकडे त्याची छायाचित्रे होती. जुलै २०१५ च्या सुरुवातीला त्याला आमिष दाखवून उद्यानाच्या हद्दीबाहेर काढण्यात आले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले दंतवैद्य वॉल्टर पामर यांनी त्याला रात्री बाणाने जखमी केले आणि कित्येक तासांनी, दुसऱ्या दिवशी, तो मारला गेला. मग त्याचे मुंडके आणि कातडे काढून घेण्यात आले. या शिकारीसाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचे तेव्हा छापून आले होते. जुलैच्या अखेरीस पामर यांचे नाव फुटले आणि पुढचे काही आठवडे जगाला दुसरे काही सुचत नव्हते. त्यांच्या बंद दवाखान्याच्या दाराशी लोकांनी कापडी सिंहांचा ढीग रचला, फ्लोरिडातल्या त्यांच्या घराच्या दारावर रंग फासला, त्यांना झिम्बाब्वेच्या हवाली करा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. (त्या काळात फिरणाऱ्या अशाच एका अर्जावर माझीही सही आहे. सही करायला मला अर्धे मिनिट लागले आणि त्यानंतर मी चहा ठेवायला उठले, हे मला स्वच्छ आठवते.) एका अमेरिकी दूरचित्रवाणी निवेदकाचा बोलताना गळा दाटून आला आणि त्याच्या आवाहनानंतर ऑक्सफर्डच्या त्या संशोधकांकडे दहा लाख डॉलरहून अधिक देणग्या जमा झाल्या.

आता आपल्या बाजूचा पुरावा मांडते. आपण पत्रात दिला आहे त्यापेक्षा तो बराच भक्कम आहे. त्याच जुलैत, १७ तारखेला, झिम्बाब्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की तीन महिन्यांची नोटीस देऊन मालकाला कामगार काढून टाकता येईल. त्यानंतरच्या थोड्याच आठवड्यांत तिथे हजारो लोकांच्या हातातले काम गेले. पाऊस दगा देऊन गेला होता, मक्याचे पीक बुडाले होते, आणि ऑगस्टमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने अंदाज वर्तवला की येत्या हंगामात त्या देशातल्या सुमारे १५ लाख लोकांना पोटभर अन्न मिळणार नाही. राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांच्या सरकारविरुद्ध उभे राहिलेले पत्रकार इताई झामारा यांना ९ मार्च २०१५ रोजी हरारेतल्या एका केशकर्तनालयातून भरदिवसा उचलून नेण्यात आले होते. त्यांचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही. ही तिन्ही दुःखे एकाच देशातली आणि एकाच वर्षातली. त्यांच्यासाठी कुणी कापडी खेळण्यांचा ढीग रचल्याचे आपण ऐकले नसेल. वार्ताहरांनी सेसिलबद्दल विचारले तेव्हा तिथल्या एका मंत्रीणबाईंनी "कोणता सिंह?" असा उलट प्रश्न केला होता. तो उद्धटपणा नव्हता, त्यांच्या देशातल्या बहुतेकांना खरोखरच तो सिंह माहीत नव्हता. अमेरिकेत संशोधन करणाऱ्या एका झिम्बाब्वेच्या विद्यार्थ्याने तर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले की सिंह मेल्याची बातमी ऐकून त्याला आधी बरेच वाटले होते, कारण लहानपणी त्याच्या गावाभोवती सिंह फिरत असताना शाळेत जायचीही धास्ती वाटे. सेसिल हे नावसुद्धा आले कुठून, तर ज्याच्या नावावरून त्या देशाला एके काळी ऱ्होडेशिया म्हणत, त्या ब्रिटिश वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सवरून. ज्यांच्या पूर्वजांच्या जमिनी त्या नावाखाली गेल्या, त्यांनी त्या नावाच्या सिंहासाठी डोळे पुसावेत अशी जगाची अपेक्षा होती. आणि सेसिलनंतर दोन महिन्यांच्या आत त्याच ह्वांगेमध्ये, पट्टा बांधलेल्या दुसऱ्या एका सिंहाने पायी फिरणाऱ्या पर्यटकांच्या गटाकडे मोर्चा वळवला, तेव्हा त्यांना वाचवताना त्यांच्या वाटाड्याचा जीव गेला. त्याचे नाव आपल्या मुलीला ठाऊक नसेल, मलाही ते शोधून काढावे लागले.

इथपर्यंत वाचून आपण मान डोलावली असेल तर थोडे थांबा, कारण पुढचे आपल्याला तितकेसे आवडणार नाही.

आपण या सगळ्याचा अर्थ असा लावता की जगाला माणसापेक्षा जनावर प्यारे आहे. सेसिलनंतर दोन महिन्यांनी, २ सप्टेंबर २०१५ रोजी, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर एलन कुर्दी या सीरियन बालकाचा मृतदेह वाहून आला. लाल सदरा, निळी चड्डी, पालथे तोंड, हे छायाचित्र आपल्याही नजरेसमोर असेल. स्वीडनच्या रेड क्रॉसने सीरियातल्या निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीत त्या छायाचित्रानंतरच्या आठवड्यात रोज सरासरी जितक्या देणग्या आल्या, त्या आधीच्या आठवड्याच्या सुमारे शंभरपट होत्या. सीरियातले युद्ध तेव्हा चार वर्षे जुने झाले होते आणि मृतांचा आकडा लाखांत गेला होता, तोवर मात्र हात आखडलेलेच होते. आणि काही आठवड्यांत ते पुन्हा आखडले. तेव्हा ज्याला आपण सिंह विरुद्ध माणूस म्हणता, ते मला एक विरुद्ध अनेक असे दिसते. ज्याला नाव आहे, चेहरा आहे आणि ज्याच्या मृत्यूला एकच दोषी बोट दाखवण्याजोगा आहे, त्याच्यासाठी माणसाचे मन हलते, मग तो सिंह असो की सीरियाचे पोर. न्यायालयाचा निकाल, बुडालेले मक्याचे पीक, सावकाराचे व्याज आणि कापसाचा पडलेला भाव यांना चेहरा नसतो, आणि त्यांच्या दाराशी खेळणी नेऊन ठेवता येत नाहीत.

यावर एक प्रयोग आहे आणि तो आपल्या घरातल्या भांडणाला नेमका लागू पडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांच्या हाती थोडे पैसे देऊन त्यातले किती दान कराल, असे विचारले गेले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीची माहिती दिली, काहींना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी लोकांचे आकडे दिले, आणि काहींना रोकिया व आकडे दोन्ही एकत्र दिले. रोकियाला सर्वांत जास्त मिळाले, आकड्यांना कमी. जिथे मुलीच्या शेजारी आकडे मांडले तिथे दोन्हींची बेरीज होईल असे आपल्याला वाटेल, पण तिथे एकट्या रोकियापेक्षा बरेच कमी मिळाले. एखाद्याचे मन एका जिवासाठी पाझरत असताना मध्येच हजारोंचा हिशेब मांडला तर तो पाझर हजारोंकडे वळत नाही, आटतो. साखरपुड्याच्या दिवशी आपण हेच केलेत. मुलीच्या डोळ्यांतले पाणी आपल्या तालुक्याकडे वळावे अशी आपली इच्छा होती. ते आटले, आणि उरला तो राग आपल्यावर निघाला.

पण एक गोष्ट आपल्याला अजाणता नेमकी कळलेली होती, आणि पत्र वाचताना मी तिथे बराच वेळ थांबले. किती मेले असे आपण तिला विचारले नाही, एक तरी नाव सांग म्हणालात. याकडे मी पुन्हा येते.

त्याआधी आपल्या मुलीच्या लिखाणाबद्दल. ते मी वाचलेले नाही, परंतु सेसिलवर जे बहुतेक लिहिले जाते त्यात एक उणीव हमखास असते, ती म्हणजे सिंहाशेजारी राहणाऱ्या माणसांना त्यात जागा नसते. झिम्बाब्वेत १९८० च्या दशकाअखेरीपासून 'कॅम्पफायर' नावाची योजना आहे, जिच्यात परदेशी शिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या पैशाचा वाटा त्या भागातल्या ग्रामीण परिषदांना आणि वस्त्यांना मिळावा, म्हणजे हत्तीने शेत तुडवले तरी लोक त्याला विष घालणार नाहीत, असा विचार आहे. पैसा शेवटच्या झोपडीपर्यंत फारसा पोचत नाही, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. केनियाने १९७७ मध्ये अशी शिकार पूर्ण बंद केली आणि पर्यटनावर भिस्त ठेवली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंद करून २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली, आणि २०२४ मध्ये जर्मनीत शिकारीच्या मुंडक्यांच्या आयातीवर निर्बंधांची भाषा झाली तेव्हा बोत्स्वानाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी, मग आमचे वीस हजार हत्ती तुम्हीच सांभाळा, असे जर्मनांना सुनावले. त्याच वर्षी भीषण दुष्काळात नामिबिया सरकारने लोकांना मांस मिळावे म्हणून ७२३ वन्य प्राणी मारण्याचे ठरवले. त्यात ८३ हत्ती आणि ३०० झेब्रे होते. तिथे माणसाची भूक आणि जनावराचा जीव हे दोन वेगळे विषय राहतच नाहीत. दिखाऊ मुंडक्यासाठी पैसे मोजून जीव घेणे मला स्वतःला किळसवाणे वाटते आणि त्याला शास्त्रीय संवर्धनाचा मुलामा दिला तरी वाटते. पण ते बंद केल्यावर त्या वस्तीच्या हाती काय पडणार, हे न विचारता व्यक्त केलेला संताप अपुरा आहे, असे मी आपल्या मुलीला सांगेन. तिने ते विचारलेले असेल तर माझे शब्द मागे घेते.

आपल्याला हे आफ्रिकेचे म्हणून परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवडा आणि राळेगाव परिसरात, २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१ वाघिणीवर ठेवला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिल्यानंतर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. देशभर तिला 'अवनी' म्हणून ओळखत आणि तिच्यासाठी मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या. बोराटीच्या आसपास मात्र लोकांनी पेढे वाटले. नाव शहरांनी दिले होते, गावांसाठी ती फक्त वाघीण होती. मेलेले बहुतेक जण गुरे राखणारे आणि शेतात राबणारे होते. त्या तेरांपैकी एकाचेही नाव मोर्चातल्या फलकावर माझ्या पाहण्यात आले नाही. ती वाघीण दोन बछड्यांची आई होती आणि तिचे मारले जाणे ज्या पद्धतीने झाले त्यावर नंतर चौकशाही झाल्या, तेव्हा मोर्चेकऱ्यांचा संताप पोकळ होता असेही मी म्हणणार नाही. आपण त्या काळात त्याच जिल्ह्यात असाल. आपल्या आजच्या रागाचे एक मूळ तिथेही असावे.

आता मुलीचे ते वाक्य. "कागदच रंगवलेत ना?" आपण पत्रात ते एका ओळीत लिहून पुढे सरकला आहात, परंतु माझ्या मते हे सारे पत्र त्या ओळीभोवती लिहिलेले आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांकडे जाणारे प्रकरण, सातबारा आहे का, कर्ज बँकेचे की सावकाराचे, नापिकी होती का, आणि अखेरीस जिल्हा समितीचा 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा. पात्र ठरल्यास घरच्यांना सरकारी मदतीचे एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि उरलेले ठेवीत. जमीन सासऱ्याच्या नावावर म्हणून अपात्र ठरलेल्या घरासमोरून पुढच्या महिन्यात वसुलीला जाताना खाली मान घालून गेलेले तलाठी मी पाहिले आहेत. आपण कागद रंगवलेत हे खरे आहे, तेच आपले काम होते, आणि कागद नीट न रंगवणाऱ्यामुळे किती घरे अपात्र ठरली हे आपल्याला माझ्याहून जास्त माहीत असेल. पण मुलीला हे माहीत नाही, कारण आपण ते घरी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर वही लिहावी लागली नसती. वर्षानुवर्षे जे आपण एकट्याने वाहिले, त्याची कुणी विचारपूस केली नाही, आणि एका सिंहाची मात्र घरच्याच लेकीने केली. आपल्याला सलले ते हेच, असे मला वाटते.

आणि मुलीकडून पाहिले तर? दहावीतली पोर दोन दिवस जेवली नाही तेव्हा घरात कुणी काय म्हणाले होते, हे आपल्या पत्रात नाही. तिला तेव्हाही कुणी हसले असेल. तिने दहा वर्षे ती गोष्ट जपली, हे उथळपणाचे लक्षण नाही. आणि तिच्यासारख्यांचे रडणे अगदी वायाही गेले नाही. त्या ऑगस्टमध्ये मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांनी अशा शिकारींची मुंडकी वाहून नेणे बंद केले, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने आफ्रिकी सिंहाला आपल्या संरक्षण कायद्याखाली घेऊन आयातीचे नियम कडक केले. झिम्बाब्वेत मात्र पामर यांच्यावर खटला झालाच नाही, कागदपत्रे व्यवस्थित आहेत असे सरकारने जाहीर केले, आणि त्यांच्या वाटाड्या शिकाऱ्यावरचे आरोपही पुढे न्यायालयाने रद्द केले. दोन वर्षांनी सेसिलचा मुलगा झांडा हाही उद्यानाबाहेर शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. तेव्हा कुणाच्या दाराशी खेळणी गेली नाहीत. नाव असूनही विसर पडतो, याचा अनुभव तिच्या बाजूलाही आहे. तो आपल्या दोघांच्या बोलण्याचा धागा होऊ शकेल.

करायचे काय, ते आता सांगते. फोन आपण करा, आईच्या फोनवरून आणि आईच्या मध्यस्थीने नको. पहिले वाक्य साखरपुड्याबद्दल असू द्या: सगळ्यांसमोर बोललो ते चुकले. त्यापुढे "पण" हा शब्द येऊ देऊ नका. आपल्या पिढीला क्षमा मागताना त्या शब्दाची फार सवय आहे. मग तिचे लिखाण तिलाच वाचून दाखवायला सांगा आणि यावेळी शेवटपर्यंत ऐका. ऐकून झाल्यावर ह्वांगेच्या वेशीवर राहणाऱ्या लोकांबद्दल तिने काय वाचले आहे ते विचारा. ते खरोखर जाणून घेण्यासाठी विचारा, परीक्षा घेण्यासाठी नको. आपण आयुष्यभर जमीन, जंगल आणि गाव यांच्या सीमा मोजल्या आहेत. शेतात डुक्कर शिरले तर पंचनामा कसा होतो, नुकसानभरपाई किती दिवसांनी आणि किती कापून मिळते, हे आपल्याइतके तिच्या पुण्यातल्या मित्रमंडळींत कुणालाच ठाऊक नसेल. तिच्या विषयाला आपल्याकडून खूप काही मिळण्यासारखे आहे. तिने विचारले तर सांगा, आणि न विचारल्यास त्या दिवशी राहू द्या.

तिच्या वाक्याबद्दल मात्र गप्प राहू नका. ते लागले हे सांगा, एकदाच आणि साध्या शब्दांत. लेकीला बापाला काही लागते हे माहीत असलेले बरे असते.

राहिली वही. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. एक तर ती नावे त्या घरांची आहेत, कुणाच्या फोनवरून कुठे जातील याचा नेम नाही, आणि मेलेल्या माणसाच्या विधवेला विचारल्याशिवाय तो अधिकार आपल्यालाही नाही. दुसरे असे की आज ती पाने तिच्या हाती पडली तर भांडणातला पुरावा म्हणूनच पडतील, आणि ती माणसे पुन्हा एकदा कुणाची तरी बाजू सिद्ध करण्यासाठी वापरली जातील. ती पुढच्या सुटीत घरी आली की दुपारी, आई झोपलेली असताना, वही काढा. सगळी वाचू नका. एक नाव निवडा, शक्यतो असे की ज्याचे प्रकरण अपात्र ठरले. तो माणूस कोण होता, काय पेरत असे, बैलांना काय हाका मारत असे, आपण गेलात तेव्हा ओसरीवर कोण बसले होते, हे तिला सांगा, आणि वही तिच्या हाती न देता आपल्याच मांडीवर ठेवा.

आपली,
सल्लागार